घरफाळ्याची पावती

मार्च 2019. सकाळचे सात वाजले असतील. दारात शेजारच्या वैनी उभ्या. आत या म्हटलं तरी उंबरा ओलांडेनात.

"भावजी, घर तुमच्याच नावावर हाय न्हवं?"

"हाय की. का ओ?"

"पोराला जामीन पायजे. वकील म्हणालेत, घरफाळ्याची पावती आणि आधार कार्ड असलं की झालं. माणूस तेवढा पायजे."

मी म्हटलं, "बघतो. पावती कुठं ठेवलीय ते बघायला लागंल."

पावती कपाटाच्या दुसऱ्या कप्प्यात, लाइट बिलांच्या फायलीत होती. अंधारात हात घातला असता तरी सापडली असती. (बाहेरच्या वाचकांसाठी: घरफाळा म्हणजे घरपट्टी.) दुसऱ्या दिवशी वैनी पुन्हा आल्या, मी म्हटलं अजून सापडेना. तिसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत.

पोरगा वीस वर्षांचा. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत फेटलिंगला होता. कास्टिंगच्या कडा दिवसभर ग्राइंडरनं घासायच्या. संध्याकाळी गल्लीत शिरायचा तेव्हा पापण्यांवरही काळी पूड असायची. एका चहाच्या गाड्यावर कुणीतरी चार्जिंगला लावलेला मोबाइल त्यानं उचलला. किंमत अकरा हजार. त्याच रात्री त्याच्या उशाखाली सापडला. इतका कच्चा चोर.

चोरीचा गुन्हा अजामीनपात्र. म्हणजे जामीन मिळतच नाही असं नाही. तो मागावा लागतो आणि द्यायचा की नाही ते कोर्ट ठरवतं. त्याला तो मिळालाही होता. पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. गाडं अडलं ते जामीनदारापाशी. घर भाड्याचं. वडील नाहीत. मामा होता, पण निपाणीच्या पलीकडचा, त्याच्या जमिनीचा उतारा कानडीत. परराज्यातला माणूस म्हटलं की पडताळणीतच दिवस जाणार, असं वकिलाचं म्हणणं. निपाणी आमच्यापासून चाळीस किलोमीटरवर. आमच्या पेठेतल्या कितीतरी सोयरिकी तिकडच्या. लग्नात पोराच्या मागं उभा राहायला चालणारा मामा जामिनाला चालेना.

हे वाचून कुणाला मोतीराम आठवला तर तो वाचक वकील असणार. मोतीराम मध्य प्रदेशातला गवंडी. 1978 साली सुप्रीम कोर्टानं त्याला जामीन दिला. खालच्या कोर्टानं दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भाऊ तयार असताना त्याला नाकारलं, कारण भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्यावर खरमरीत निकाल लिहिला आणि मोतीरामला त्याच्या स्वतःच्या हजार रुपयांच्या मुचलक्यावर सोडायला लावलं. त्याला तेव्हा एकेचाळीस वर्षं होऊन गेली होती, आणि आमच्या गल्लीत मामाचा जिल्हा अजून आडवा येत होता.

पोरगा त्रेपन्न दिवस आत राहिला. बिंदू चौकातली सबजेल आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. वैनी भाजीला जाता-येता त्या जुन्या तटाकडे बघत जायच्या. मी मात्र त्या दिवसांत महाद्वार रोडला जायचं तर दुसऱ्या वाटेनं जायचो.

यातला कायद्याचा भाग मला खूप उशिरा कळला, आणि कळला तेव्हा हसावं की रडावं समजेना. आपल्याकडे 1958 पासून एक कायदा आहे, अपराधी परिविक्षा अधिनियम. जन्मठेप किंवा फाशीची शिक्षा नसलेल्या गुन्ह्यात कोर्ट माणसाला तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकतं. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. हवं तर परिविक्षा अधिकाऱ्याची देखरेख. नुकसान झालेल्याला भरपाई द्यायला लावायची सोय. चोरीसारख्या किरकोळ गुन्ह्यात पहिल्यांदाच सापडलेल्याला नुसती समज देऊनही सोडता येतं. आणि एकवीस वर्षांखालच्या अपराध्याला अशा गुन्ह्यात तुरुंगात पाठवायचंच झालं, तर का पाठवतोय याची कारणं न्यायाधीशांनी लिहून ठेवायची.

म्हणजे बघा. आमच्या पोराचा गुन्हा शाबीत झाला असता तर बहुधा तो घरी आला असता. शाबीत व्हायचा होता म्हणून आत होता.

मराठीत अशा माणसाला 'कच्चा कैदी' म्हणतात. शब्द ऐकला की वाटतं, अजून पिकायचा आहे. 2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती, त्यांतली 4,34,302 कच्ची. सगळ्या तुरुंगांची मिळून क्षमता 4,36,266. म्हणजे शिक्षा झालेल्या सगळ्यांना उद्या घरी पाठवलं तरी नुसत्या कच्च्या कैद्यांनीच तुरुंग भरतील. यात खुनाचे, दरोड्याचे आरोपीही आहेत, हे मान्य. पण ज्यांच्यासाठी कुणाला कपाटातली पावती सापडली नाही असेही त्यांत आहेत, एवढं मी खात्रीनं सांगू शकतो.

आता आमच्या आण्णांची गोष्ट सांगायला हवी.

वडिलांचं सायकलचं दुकान होतं. भाड्यानं सायकली द्यायच्या, तासावर. मागं पंक्चर, ओव्हरऑइलिंग. मी सातवी-आठवीत असेन. हाताखालच्या पोरानं तीन डायनॅमो आणि एक फ्रीव्हील लंपास करून जुन्या बाजारात विकलं. आण्णांनी आधी दोन थोबाडीत ठेवून दिल्या. (हे गाळून लिहिता आलं असतं.) मग त्याला धरून तालमीत वस्तादांसमोर उभं केलं. वस्ताद कट्ट्यावर बसून सुपारी कातरत होते. त्यांनी विचारलं, "पोलिसात दिऊन तुझं डायनॅमो परत येणारायत काय?" आण्णा गप्प. मग निकाल लागला: तीन महिने पहाटे चारला येऊन हौदा उकरायचा, आणि दर आठवड्याला पगारातून दहा रुपये.

ज्यानं तालमीतली माती उकरली नाही त्याला ही शिक्षा हलकी वाटेल. रात्रभर दबून बसलेली तांबडी माती, तिच्यात ताक, तेल, हळद मुरलेली. खोरं मारलं की अर्ध्या वितीच्या पुढं जात नाही. पहिलवान यायच्या आत अख्खा हौदा मऊ करायचा. पंधरा दिवसांत पोराचे हात सोलून निघाले. गंमत म्हणजे महिन्याभरानं तो उकरून झाल्यावर घरी जायचा थांबला आणि कोपऱ्यात जोर मारू लागला. त्याला कुणी हाकललं नाही.

आण्णांनी यात स्वतःच्या पदरचं एक घातलं. दुकान सकाळी उघडायची किल्ली त्याच्याकडे दिली. "तालमीतनं सुटतोसच सहाला, येताना दुकान उघडून झाडून ठेव." आईनं त्या दिवशी भाकरी थापता थापता जे काही ऐकवलं त्यातली एक म्हण मला अजून आठवते: चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

पुढं दोन वर्षं तो आमच्याकडे होता. मग इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला गेला. पुढचं माहीत नाही. तो मोठा कारखानदार झाला असं लिहिता आलं असतं तर लेख छान झाला असता.

ही गोष्ट मी बरीच वर्षं मित्रांत मिरवत होतो. आमच्या पेठेचा न्याय, कोर्ट नाही, कचेरी नाही वगैरे. एकदा एका मैत्रिणीनं, ती भटक्या-विमुक्तांच्या वस्त्यांवर काम करते, शांतपणे विचारलं, "पोरगं कुणाचं होतं?"

आमच्यातलंच होतं. वस्तादांच्या लांबच्या नात्यातलं. गावाबाहेर पाल टाकून राहणाऱ्या पारध्याचं असतं तर आण्णांनी त्याला तालमीत नेलं असतं का? वस्तादांनी सुपारी कातरत विचार केला असता का? मला उत्तर माहीत आहे, तुम्हालाही आहे. समाजाच्या हाती न्याय द्या असं म्हणताना 'समाज' या शब्दात कोण बसतं आणि कोण दाराबाहेर राहतं, हे आधी बघायला लागतं. गावकीनं आणि जातपंचायतींनी माणसं वाळीत टाकली, पाणी तोडलं, मयताला खांदा दिला नाही, हाही समाजाचाच न्याय. त्याच्याविरुद्ध महाराष्ट्राला 2016 साली सामाजिक बहिष्काराचा वेगळा कायदा करावा लागला. आणि त्याच महाराष्ट्रानं 2007 मध्ये आर. आर. आबा गृहमंत्री असताना तंटामुक्त गाव मोहीम काढून गावातले तंटे गावातच मिटवायला समित्या बसवल्या. एकाच चावडीवर दोन्ही घडतं.

तुरुंगाबाहेरची शिक्षा ही काही नव्या काळातली कल्पना नाही. आपल्याकडे तिचं सर्वांत वाईट रूप होऊन गेलंय, त्याचं नाव हजेरी. इंग्रजांनी 1871 साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. या लोकांना भिंतीआड ठेवायची गरजच नव्हती. रोज हजेरी द्यायची, विचारल्याशिवाय गाव सोडायचं नाही, की झालं. कोल्हापूर संस्थानातही महार, मांग, रामोशी, बेरड यांना हजेरी होती. शाहू महाराजांनी 1918 साली ती बंद केली.

त्यांनी पुढं जे केलं ते आईला ऐकवायचं माझ्या मनात राहून गेलं. ज्या फासेपारध्यांना सगळं जग चोर म्हणत होतं, त्यांना महाराजांनी बोलावून आणलं, राहायला जागा दिली आणि पहाऱ्यावर नेमलं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, अक्षरशः. दरबारी मंडळींच्या घरी त्या दिवशी भाकऱ्या कशा थापल्या गेल्या असतील याची मला कल्पना करता येते.

हजेरी आणि किल्ली. तुरुंगाला पर्याय म्हणून जे काही पुढं येतं, मग ते बंधपत्र असो, पायातलं इलेक्ट्रॉनिक कडं असो की ठाण्यावर जाऊन सही करणं असो, ते या दोन्हींतल्या कुठल्या बाजूला झुकतंय एवढंच मी आता बघतो. नुसती हजेरी असेल तर माणूस बाहेर राहून आतच असतो.

1939 साली औंध संस्थानानं आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं, त्यात किल्लीच होती. मॉरिस फ्रिडमन हा पोलंडचा अभियंता आणि औंधचे राजेसाहेब यांच्या डोक्यातून निघालेली कैद्यांची खुली वसाहत. भिंत नाही, शेती करायची, बायकापोरांसह राहायचं. तेही साधे चोर नव्हते, गंभीर गुन्ह्यातले कैदी होते. आमच्या कोल्हापूरच्या व्ही. शांताराम यांनी त्यावरून 1957 साली सिनेमा काढला, त्याचं जगभर कौतुक झालं. कल्पनेचं मात्र तेवढं झालं नाही. आपण सिनेमा घेतला आणि वसाहत आटपाडीला ठेवून दिली.

आमच्या कळंबा जेलच्या कैद्यांनी वळलेले लाडू मध्ये काही वर्षं अंबाबाईच्या प्रसादाला असायचे. भाविक ते डोक्याला लावून खायचे. देवीला चालणारा हात सुटून आल्यावर दुकानदाराला गल्ल्यावर चालत नाही, हा भाग वेगळा.

किल्ली देणारा माणूस आणायचा कुठून, हा खरा घोर. जपाननं त्याचं एक उत्तर शोधलंय. तिथं चाळीस हजारांहून जास्त साधे नागरिक, बरेचसे निवृत्त, बिनपगारी परिविक्षेचं काम करतात. त्यांना होगोशी म्हणतात. सुटलेल्या किंवा शिक्षा लांबणीवर टाकलेल्या माणसाला ते महिन्यातून एक-दोनदा घरी बोलावतात, चहा देतात, काम मिळालं का विचारतात. म्हणजे आमचे वस्तादच, फक्त सरकार-दरबारी नोंद असलेले, आणि समोरचा कुणाच्या नात्यातला आहे हे न विचारणारे. आता तिथंही हे काम करणाऱ्यांची वयं वाढत चाललीत, नवे मिळेनात. आपल्याकडे हे काम महिला व बाल विकास खात्याच्या परिविक्षा अधिकाऱ्याकडे. एका माणसाच्या टेबलावर अख्खा जिल्हा. तो चहा कुणाकुणाला पाजणार?

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि शिक्षांच्या यादीत समाजसेवा हा प्रकार पहिल्यांदा आला. मोजक्या सहा गुन्ह्यांसाठी. त्यांत दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा घालणं आहे, अब्रुनुकसानी आहे, आणि चोरी आहे: पाच हजारांच्या आतली, पहिल्यांदाच केलेली, आणि माल किंवा त्याची किंमत परत दिली असेल तर. मी ते वाचून पहिल्यांदा अकरातून पाच वजा केले. आमच्या पोरानं सायकल चोरली असती तर बसला असता. आज पाच हजारांच्या आत कुठला मोबाइल येतो?

काम कुठलं, किती तास, कुणाच्या देखरेखीखाली, यातलं कायद्याच्या कलमांत काही नाही. समाजाला उपयोगी असं काम, मोबदला नाही, बस्स. त्याच्या दीड महिना आधी पुण्यात एका अल्पवयीन मुलानं भरधाव गाडीनं दोघांचा जीव घेतला होता आणि त्याला जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला होता. महाराष्ट्र खवळला, आणि बरोबरच खवळला. पण तेव्हापासून तुरुंगाऐवजी दुसरं काही म्हटलं की लोक हसून विचारतात, "निबंध काय?" श्रीमंताच्या पोराच्या निबंधानं गरिबाच्या पोराचं खोरं हिरावून घेतलं.

काम तर ढिगानं आहे. रंकाळ्यातली जलपर्णी आहे, विसर्जनानंतरचा पंचगंगेचा घाट आहे, सीपीआर या सरकारी दवाखान्यात खेड्यातून आलेल्या म्हाताऱ्यांना केसपेपर काढून द्यायला माणूस लागतो. मला भीती कामाची नाही, मोबाइल कॅमेऱ्यांची आहे. घाट झाडणाऱ्या पोराचं अर्ध्या तासात रील होणार, खाली हसण्याच्या बाहुल्या. आरोपींची धिंड काढली की टाळ्या वाजवणारे आपण. समाजसेवा आणि धिंड यांत फरक राखायचा तर बघणाऱ्यालाही शिस्त लागते, आणि तिच्यासाठी कुठलं कलम नाही.

पोरगा मे महिन्यात सुटला. मामानंच निपाणीकडून चार खेपा घालून काहीतरी जमवलं. फाउंड्रीतली जागा गेली होती. ऑगस्टमध्ये महापूर आला. राजाराम बंधाऱ्याची धोक्याची पातळी 43 फूट, पाणी 55 च्या वर. पुणे-बंगळूर हायवे बंद, शहरात दूध नाही, पेट्रोल नाही. त्या आठवड्यात हे पोरगं कमरेएवढ्या पाण्यात होतं. शाहूपुरीत म्हाताऱ्या माणसांना पाठीवर घेऊन बाहेर काढत होतं. कुणी सांगितलं नव्हतं, कुठल्या रजिस्टरला नोंद नव्हती. चौथ्या दिवशी शाळेतल्या छावणीत एका बाईची पर्स सापडेना. कुणी एक अक्षर बोललं नाही, पण पंचवीस-तीस माना एकाच दिशेला वळल्या. त्यात माझीही होती. पर्स बाकाखाली सापडली, पाचच मिनिटांत. तोवर त्यानं चपला घातल्या होत्या.

त्याची केस पुढं तीन वर्षांनी लोकअदालतीत मिटली. मोबाइलवाल्यानं सांगितलं, माझा मोबाइल मला मिळाला, माझी तक्रार नाही. हेच तो पहिल्या आठवड्यातही सांगत होता म्हणे.

गेल्या थंडीत तो मला गंगावेशीत दूधकट्ट्यावर भेटला. आता रिक्षा चालवतो, दुसऱ्याची, रोजावर. म्हशी रांगेत उभ्या, धारोष्ण दुधाचे ग्लास फेसासकट हातात. बराच वेळ इकडचं तिकडचं बोललो, हायकोर्टाचं बेंच कोल्हापुरात आलं, आता भाडी वाढली, वकिलांची वर्दळ वगैरे. मग मी एकदाचं म्हटलं, "त्या वेळची पावती माझ्याजवळ होती."

"म्हाईत हाय की, काका. आईला बी म्हाईत होतं."

मी काही बोलू शकलो नाही.

"मी तुमच्या जागी असतो तर मीबी न्हाई म्हणालो असतो," तो म्हणाला. मिशीवरचा फेस पुसला. "पर खोटं न्हाई बोललो असतो."

मी पाकीट काढेपर्यंत त्यानं दोन्ही ग्लासांचे पैसे दिले होते.